दिवसभर राबूनही महत्त्वाचं काम मागे का राहतं?

महिन्याची १५ तारीख. एका छोट्या कंपनीच्या अकाउंटंटसमोर आज मोठं काम एकच आहे: खरेदीची बिलं जीएसटी पोर्टलवरच्या २बी स्टेटमेंटशी जुळवून पाहणं. तेवढ्यात फोन वाजतो. व्हॉट्सअ‍ॅपवर 'अर्जंट' असा मेसेज येतो. कुणाला जुन्या बिलाची कॉपी हवी असते. संध्याकाळी सहापर्यंत वीस किरकोळ कामं उरकतात, मोठं काम मात्र जिथल्या तिथेच.

हा आळस नाही. इथे तातडीचं आणि महत्त्वाचं यांची गल्लत झालेली असते.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांनी १९५४ मधल्या एका भाषणात हा फरक सांगितला होता. पुढे स्टीफन कवी यांच्या १९८९ मधल्या पुस्तकामुळे चार चौकटींची पद्धत लोकप्रिय झाली:

- तातडीचं आणि महत्त्वाचं: लगेच करा.
- महत्त्वाचं, पण तातडीचं नाही: वेळ ठरवून करा.
- तातडीचं, पण महत्त्वाचं नाही: दुसऱ्याकडे सोपवा किंवा थोडक्यात उरका.
- दोन्ही नाही: सोडून द्या.

मग चूक कुठे होते?

२०१८ मध्ये 'जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च'मध्ये आलेल्या संशोधनात दिसलं, की फायदा कमी असला तरी मुदत जवळची असेल तर माणसं तेच काम आधी निवडतात. स्वतःला कायम बिझी समजणाऱ्यांमध्ये हे जास्त दिसलं. मात्र निवड करताना फायद्याकडे लक्ष वेधलं, की हा ओढा कमी झाला.

अकाउंटंटचंच पाहा. २बी स्टेटमेंट १४ तारखेला तयार होतं आणि दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांसाठी ३बीची मुदत साधारणपणे २० तारखेची असते. १५ तारखेला जुळवणी 'महत्त्वाची' असते, १९ तारखेला ती 'तातडीची' होते. घाईत एखाद्या बिलाचं क्रेडिट घ्यायचं राहून जातं. मुदत चुकली तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के दराने व्याज.

काय करता येईल?

- कामांच्या यादीत प्रत्येक कामापुढे 'आज केलं नाही तर काय बिघडेल?' याचं उत्तर एका ओळीत लिहावं.
- सर्वात मोठ्या नुकसानीच्या कामाला सकाळचा पहिला तास द्यावा.
- मेसेजना उत्तर देण्याच्या वेळा ठरवून त्या सहकाऱ्यांना सांगाव्यात. खरंच अडलं तर फोन आहेच.

जुन्या बिलाची कॉपी दुपारी पाठवली तरी चालते. २० तारीख मात्र कुणासाठी थांबत नाही.