१६ ऑगस्ट : फुटबॉलप्रेमींचा स्मृतिदिन

कधी, कुठे : १६ ऑगस्ट १९८०, ईडन गार्डन्स, कोलकाता.

सामना : मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल, कलकत्ता फुटबॉल लीग.

काय घडलं : मैदानावर खेळाडूंमध्ये धसमुसळेपणा वाढला, तशी प्रेक्षागृहात दोन्ही संघांच्या समर्थकांत हाणामारी पेटली. दगड-विटा भिरकावल्या गेल्या. जीव वाचवण्यासाठी लोक पळत सुटले आणि चेंगराचेंगरी झाली. १६ जणांनी प्राण गमावले.

चूक कुठे : कट्टर प्रतिस्पर्धी संघांचे समर्थक एकाच प्रेक्षागृहात शेजारी-शेजारी बसले होते. भडका उडाल्यावर त्यांना वेगळं करणं अशक्य झालं.

स्मरण : कोलकात्यात हा दिवस ‘फुटबॉलप्रेमी दिन’ म्हणून पाळला जातो. फुटबॉल संघटना आयएफए या दिवशी रक्तदान शिबिर भरवते. मन्ना डे यांनी गायलेल्या एका बंगाली गाण्यातही या दुर्घटनेची वेदना आहे.

धडा : समर्थकांची स्वतंत्र बैठक, मोकळे जिने, उघडी दारं आणि प्रशिक्षित स्वयंसेवक ही प्रत्येक आयोजकाची जबाबदारी आहे. खेळ पाहायला गेलेला माणूस सुखरूप घरी परतलाच पाहिजे.