माजी सैनिकाचे औषध

तिरुवल्लिकेणी या नावाचा अर्थ कुमुदांचे पवित्र तळे. चेन्नईच्या या जुन्या वस्तीत पार्थसारथीच्या देवळाइतकीच एक सहकारी संस्थाही नावाजलेली आहे. १९०४ साली येथील काही गृहस्थांनी थोडेथोडे भांडवल जमवून सामायिक दुकान काढले. तीच ट्रिप्लिकेन अर्बन को-ऑपरेटिव्ह सोसायटी. थेंबे थेंबे तळे साचते, ही आपली म्हण तळ्याच्याच गावी खरी ठरली. आज या वस्तीतल्या निवृत्त सैनिकास मधुमेहाचे औषध मिळते, तेही बव्हंशी याच न्यायाने.

केंद्र सरकारने १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना सुरू केली. 'ईसीएचएस' या अक्षरांनी ती सर्वत्र ओळखली जाते. लोक तिला विमा म्हणतात, परंतु विम्याचा हप्ता दरसाल भरावा लागतो, वयाबरोबर तो चढतो आणि भरपाईलाही मर्यादा असते. येथे वर्गणी एकदाच द्यावयाची. २०१७ च्या अखेरीस ठरलेल्या दरांनुसार हवालदारापर्यंतच्या हुद्द्यांस ३०,००० रुपये, सुभेदार वर्गास ६७,००० आणि अधिकाऱ्यांस १,२०,०००. पुढे सैनिकास व त्याच्या पत्नीस आजन्म उपचार मिळतात.

मधुमेहाच्या बाबतीत हा फरक लहान नाही. खाजगी विमा बहुधा रोगी इस्पितळात दाखल झाल्यावरच जागा होतो. मधुमेही मनुष्य आजारी असतो रोज, इस्पितळात जातो क्वचित. त्याचा पाय चिघळून कापावा लागला, तर विमा पैसे देईल. पाय चिघळू नये म्हणून घ्यावयाच्या गोळीचे सहसा देणार नाही. योजनेच्या दवाखान्यात मात्र ही गोळी हाती मिळते. साठ्यात नसल्यास ठरवून दिलेल्या औषधविक्रेत्याकडून मागवली जाते. साठा वेळेवर न आल्यास सारी व्यवस्था लंगडी पडते, हेही खरे. रक्तातील साखर काही खलिता यायची वाट पाहत थांबत नाही.

त्यात शिपाई निवृत्त होतो तो पुष्कळदा चाळिशीच्या आसपास. मग तो तिरुवल्लिकेणीचा असो की साताऱ्याच्या अपशिंग्याचा, कवायत सुटते आणि ताटातला भात मात्र पूर्वीइतकाच राहतो. चेन्नईच्याच मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेबरोबर केलेल्या पाहणीने २०२३ साली देशात सुमारे १० कोटी मधुमेही असल्याचे दाखवले.

खरी अडचण वजनाची. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात, तो भारतीय शरीरात २३ च्या पुढे गेला की धोका सुरू होतो, असे वैद्य मानतात. उलट विमा नियामकाच्या प्रमाण-अटींप्रमाणे लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेसाठी तो ४० हवा, किंवा गंभीर व्याधी जोडीला असल्यास ३५. या दोन आकड्यांमधल्या पट्ट्यातच बहुतेक रोगी सापडतात.

अशांसाठी आता आठवड्यास एकदा टोचून घ्यावयाची औषधे निघाली आहेत. ती साखर उतरवतात, भूकही उतरवतात. त्यांपैकी तिर्झेपॅटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आले, तेव्हा सर्वांत लहान मात्रेच्या कुपीस ३,५०० रुपये पडत, म्हणजे महिन्यास १४,०००. केंद्राचे किमान मूळ निवृत्तिवेतन, महागाई भत्ता सोडून, ९,००० रुपये आहे. सैनिकाच्या विधवेने हा हिशेब कसा जुळवावा?

श्रीमंत देशांचीही येथे दमछाक होते. अमेरिकेतील 'ट्रायकेअर' या सैनिकी योजनेने ३१ ऑगस्ट २०२५ पासून पासष्टीपुढील निवृत्तांना केवळ वजनासाठी ही औषधे देणे थांबवले. मधुमेहासाठी ती चालू ठेवली. औषध तेच, पण चिठ्ठीवर रोगाचे नाव कोणते यावर खर्च कोणी सोसावयाचा ते ठरते. मधुमेह होण्याआधीच वजन उतरवू पाहणारा शहाणा मनुष्य या हिशेबात बाहेर राहतो.

सेमाग्लुटाइड या दुसऱ्या औषधाच्या मुख्य भारतीय पेटंटाची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच. त्यापुढे देशी कारखान्यांस ते बनवण्याची वाट मोकळी होते, आणि किंमत उतरण्याची आशा त्यावरच आहे.