घरसंरक्षणासाठीं काडतुसांची निवड

शेतावर वस्ती करून राहणाऱ्या पुष्कळ परवानेधारक बांधवांपाशीं बारा बोअरची बंदूक असते. परंतु तींत कोणतें काडतूस भरावें, याचा विचार क्वचितच होतो.

सहा नंबरच्या छऱ्याचा व्यास सुमारें २.६ मिलिमीटर असून औंसांत असे सुमारें २७० छरे मावतात. ‘एस. जी.’ छरा सुमारें ८.४ मिलिमीटरचा, ते औंसांत ८ च बसतात. हा जाड छरा कुडाची भिंत अगर फळीचें दार भेदून पलीकडे निजलेल्या माणसास मारूं शकतो. बारीक छरा लवकर निर्बल होतो. मात्र आठदहा हातांवर तो फारसा पसरत नाहीं व एका गोळ्यासारखाच घात करितो. म्हणून घरें दाट व भिंती हलक्या असतील तेथें चार किंवा सहा नंबर बरा. तोहि निर्धोक समजूं नये.

दुसरी गोष्ट मापाची. अडीच इंची घराच्या बंदुकींत पावणेतीन इंची काडतूस घालूं नये. दाब वाढून अपाय होतो. याहून भयंकर म्हणजे वीस बोअरचें काडतूस चुकून बारा बोअरींत पडणें. तें पुढें सरकून नळींत अडकतें, आणि मागून दुसरें भरून उडविल्यास नळी फुटते. यास्तव दोन्ही जातींचीं काडतुसें एके ठिकाणीं ठेवूं नयेत.

शेवटीं कायदा. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेली भारतीय न्याय संहिता स्वसंरक्षणाचा हक्क मान्य करिते. पण बचावास अवश्य त्याहून अधिक इजा करण्यास तो हक्क पोंचत नाहीं. काडतुसें परवान्यांतील संख्येपुरतींच बाळगावीं व मुलांचा हात पोंचणार नाहीं अशा कुलपांत ठेवावीं.