वाकळेवर पडलेला फोन

जमिनीवर तीन-चार वाकळा घडी घालून ठेवा. त्यांच्यापासून सव्वा मीटर उंचीवर मोबाईल आडवा धरा आणि अलगद सोडा. पडायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो, पण तेवढ्यात फोन स्वतःच्या पडण्याचा आलेख काढून मोकळा होतो.

हे काम करतं ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप. जर्मनीतल्या आखेनच्या तांत्रिक विद्यापीठाने ते २०१६ मध्ये आणलं. एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. त्यात गुरुत्वासह त्वरण मोजायचं. फोन हातात स्थिर असताना रेघ ९.८ च्या आसपास असते, सुटताच शून्याजवळ येते आणि वाकळेवर आदळताच उंच उसळते.

इथे मुलं अडतात, आणि अडायलाच हवं. पृथ्वी फोनला ओढत असताना शून्य कसं? फोनमधल्या चिपवर सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला असतो. फोन स्थिर असतो तेव्हा तो तुकडा आपल्या वजनाने किंचित खाली झुकतो. शेजारच्या पट्ट्यांमधलं अंतर बदलतं, त्यासरशी विद्युत धारिता बदलते, आणि चिप तेच मोजते. पडताना मात्र तुकडा आणि फोन एकाच वेगाने पडतात, मग स्प्रिंग ताणणार कोण?

आलेखावरून वेळ घ्या, दुप्पट उंचीला वेळेच्या वर्गाने भागा, गुरुत्वीय त्वरण हाती येतं. वेळेत शंभरात एकाची चूक झाली तर उत्तरात दोनाची होते. त्रुटीचं हे गणित मुलांना स्वतःच्या आकड्यांवरून कळतं.

२०२० च्या टाळेबंदीत मोबाईल शिक्षणात शिरला तो छोटा फळा म्हणून. व्याख्यानं उपयोगी असतातच, पण मोजमापाचं साधन खिशात असताना नुसतं बघत बसणं मला फार मोठं नुकसान वाटतं. सेलूच्या नूतन महाविद्यालयासारख्या तालुक्याच्या कॉलेजात तर हे साधन प्रयोगशाळेला मोठा आधार देईल. घरात एकच फोन असेल तर दिवसा तो वडिलांबरोबर शेतात जातो, म्हणून चौघांत एक फोन पुरेल असेच प्रयोग आखावेत.

परभणीची गाडी सेलू स्टेशनातून हलते, तेव्हा फोन डब्यात सपाट, गाडीच्या दिशेने ठेवून बघा. आलेखावर एक बुटका उंचवटा येतो. त्याच्याखालचं क्षेत्रफळ म्हणजे गाडीने घेतलेला वेग. वर्गात रुक्ष वाटलेलं संकलन पुढचं स्टेशन यायच्या आत वहीत सुटतं.