संचालन प्रणालीची पुनर्स्थापना

संगणकाची हार्ड डिस्क बदलल्यानंतर नव्या डिस्कवर विंडोज, लिनक्स यांसारखी संचालन प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टम) पुन्हा बसवण्याच्या प्रक्रियेस संचालन प्रणालीची पुनर्स्थापना असे म्हणतात. संगणक सुरू होताच मदरबोर्डवरील बायोस किंवा यूईएफआय ही अंगभूत आज्ञावली डिस्कवरील संचालन प्रणाली शोधते. नवी डिस्क कोरी असल्याने ती सापडत नाही व संगणक पुढे सुरू होत नाही. पुनर्स्थापनेमुळे संगणक पुन्हा चालू होतो. मात्र जुन्या डिस्कवरील फाइली, सॉफ्टवेअर आणि फाँट आपोआप परत येत नाहीत. मराठीत काम करणाऱ्यांसाठी ही बाब विशेष महत्त्वाची ठरते.

पूर्वतयारी

जुनी डिस्क चालू असल्यास प्रथम तीवरील माहितीची प्रत दुसऱ्या साधनावर घेतली जाते. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असल्यास ती वारंवार सुरू करणे टाळतात, कारण त्यामुळे उरलेली माहितीही नष्ट होऊ शकते. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद केलेली असल्यास ती दुसऱ्या संगणकावर वाचण्यासाठी ४८ अंकी पुनर्प्राप्ती क्रमांक लागू शकतो.

जुनी डिस्क सुस्थितीत असल्यास तिची हुबेहूब प्रत, म्हणजेच क्लोन, नव्या डिस्कवर घेता येते. अशा वेळी पुनर्स्थापनेची गरज उरत नाही.

प्रक्रिया

दुसऱ्या संगणकावर स्थापना-संच उतरवून त्यापासून पेन ड्राइव्ह तयार केला जातो. विंडोजसाठी किमान ८ जीबी क्षमतेचा पेन ड्राइव्ह लागतो. त्यातील आधीची माहिती पुसली जाते. बूट मेनूतून हा पेन ड्राइव्ह निवडल्यावर स्थापना सुरू होते. डिस्कच्या विभागणीसाठी एमबीआर आणि जीपीटी या दोन पद्धती आहेत. एमबीआर पद्धतीत साधारणपणे २ टीबीपर्यंतचीच जागा वापरता येते. यूईएफआय असलेल्या संगणकांवर जीपीटी वापरतात. संगणकात एकाहून अधिक डिस्क असल्यास चुकीची डिस्क पुसली जाऊ नये म्हणून इतर डिस्क तात्पुरत्या काढून ठेवणे सुरक्षित असते. शेवटी ड्रायव्हर व सुरक्षा अद्यतने बसवली जातात.

विंडोज १० व ११ यांचा डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी निगडित असतो. त्यामुळे केवळ डिस्क बदलल्यास, पूर्वीचीच आवृत्ती बसवल्यावर, सहसा नवा परवाना घ्यावा लागत नाही. विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० सुरक्षा घटक, ४ जीबी स्मृती व ६४ जीबी साठवण आवश्यक असते. या अटी पूर्ण न करणाऱ्या जुन्या संगणकांवर लिनक्सचा पर्याय निवडता येतो. सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली 'बॉस' ही लिनक्स प्रणाली भारतीय भाषांना पाठबळ देते.

मराठी मजकूर आणि फाँट

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षरचिन्हास ठरावीक क्रमांक असतो. उदाहरणार्थ, नाशिक जिल्ह्यातील 'निफाड' हे नाव २३४४, २३६७, २३४७, २३६६ आणि २३३७ या पाच क्रमांकांनी साठवले जाते. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसत असली, तरी तिचा क्रमांक 'न'नंतर येतो. असा मजकूर देवनागरी युनिकोड फाँट असलेल्या कोणत्याही नव्या प्रणालीवर वाचता येतो. विंडोज १० मध्ये 'निर्मला यूआय' हा फाँट मुळातच असतो. 'मंगल' व 'कोकिळा' हे फाँट ऐच्छिक सुविधेतून बसवता येतात.

युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वीच्या बहुतेक मराठी फाँटांत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे आकार बसवलेले असत. असा फाँट नव्या डिस्कवर नसल्यास तोच मजकूर निरर्थक रोमन अक्षरांच्या रूपात दिसतो. फाइल खराब झाली असा समज होऊन ती पुसली जाण्याचा धोका येथे असतो. प्रत्यक्षात माहिती शाबूत असते आणि मूळ फाँट बसवताच वाचता येते. म्हणून जुने दस्तऐवज, पत्रिका किंवा पुस्तकांच्या प्रती जपताना फाइलींसोबत फाँट व टंकलेखनाचे सॉफ्टवेअरही जतन करावे लागते. असा मजकूर परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणता येतो. त्यानंतर जोडाक्षरे व रफार तपासणे आवश्यक असते.

टंकलेखनासाठी भाषा-सेटिंगमध्ये मराठी कळफलक पुन्हा जोडावा लागतो. भारतीय मानक आयएस १३१९४ : १९९१ मध्ये समाविष्ट असलेला इन्स्क्रिप्ट कळफलक विंडोज व लिनक्स या दोन्हींत उपलब्ध आहे.