शटरचा रिमोट हरवला? नवा घ्याल, पण जुन्याचं काय?

इंग्रजी सिनेमात गाडी घरासमोर येते, हिरो बटण दाबतो आणि गॅरेजचं दार आपोआप वर जातं. आपल्याकडे गॅरेज म्हटलं की पंक्चर आणि ऑइल चेंज आठवतं. पण तेच तंत्र छत्रपती संभाजीनगरात वेगळ्या नावाने नांदतंय. गुलमंडी-औरंगपुऱ्यातल्या दुकानांचं मोटरवालं शटर, सिडकोतल्या बंगल्याचं सरकतं गेट, वाळूजमधला एखादा गाळा. हातात तोच चावीच्या छल्ल्याएवढा रिमोट.

हा रिमोट एक दिवस चालेनासा होतो किंवा हरवतो. मग लोक काय करतात? नवा रिमोट आणतात, जोडून घेतात आणि विषय संपला असं समजतात. खरा घोळ तिथेच आहे. हरवलेला रिमोट अजूनही तुमचं शटर उघडू शकतो.

आधी बिघाड नेमका कुठे आहे ते बघू.

मेकॅनिकला फोन करण्याआधी भिंतीवरचं बटण दाबा. त्याने शटर हललं तर मोटर ठणठणीत आहे, दोष रिमोटचा किंवा रिसीव्हरचा. भिंतीवरच्या बटणानेही काही झालं नाही, तर रिमोटच्या मागे लागू नका. एमसीबी पडलाय का, वीज आहे का ते बघा. मोटर नुसती घूं करते पण फिरत नाही, असं असेल तर बहुतेकदा कपॅसिटर गेलेला असतो. तो स्वतः उघडायला जाऊ नका, वीज बंद केली तरी त्यात चार्ज शिल्लक राहतो. आणि चार-पाच वेळा लागोपाठ वर-खाली केल्यावर मोटर अचानक गप्प झाली, तर ती जळलीच असं नाही. या मोटरी सतत चालण्यासाठी नसतात. गरम झाल्या की आतलं संरक्षण त्यांना थांबवतं. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यात तर हे हमखास होतं. अर्धा तास थांबा आणि पुन्हा बघा.

दोष रिमोटचाच असेल तर पहिला संशय सेलवर. इथे एक गंमत आहे. रिमोटवरचा लाल दिवा लागतो, म्हणून लोक सेल चांगला आहे असं धरून चालतात. दिव्याला थोडीशी वीज पुरते, सिग्नल लांब पाठवायला जास्त लागते. आधी रस्त्यावरून उघडणारं शटर आता अगदी जवळ गेल्यावरच उघडतंय, तर सेल उतरलाय. बऱ्याच रिमोटमध्ये बारीक नळीसारखा १२ व्होल्टचा २७ए सेल असतो. २३ए सेलही १२ व्होल्टचाच, पण थोडा जाड. दुकानात जाताना जुना सेल सोबत न्या, हेलपाटा वाचेल.

नवा सेल टाकूनही अंतर कमीच असेल तर रिसीव्हरकडे वळा. यातले बहुतेक रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झवर बोलतात आणि रिसीव्हरमधून बाहेर आलेली साधारण १७ सेंटीमीटरची वायर म्हणजे त्याचा अँटेना. इलेक्ट्रिशियनने ती नीटनेटकेपणाच्या नादात गुंडाळून डब्यात कोंबलेली असते. ती मोकळी, सरळ सोडा. शटरचा पत्रा सिग्नल अडवतो, त्यामुळे वायर पत्र्यापासून दूर हवी. जवळचा स्वस्त एलईडी दिवासुद्धा सिग्नलमध्ये खोडा घालतो. तो बंद करून एकदा बघा.

(अमेरिकेतल्या नातेवाइकाने आणलेला रिमोट इथे का चालत नाही, याचंही उत्तर यातच आहे. तिकडचे अनेक रिमोट ३१५ किंवा ३९० मेगाहर्ट्झवर चालतात.)

आता नवा रिमोट जोडणं. रिसीव्हरच्या डब्यात एक छोटं 'लर्न' बटण असतं. मेन स्विचच्या शेजारी हात घालताय, तेव्हा उघड्या तारांपासून जपून. ते बटण दाबून सोडलं की दिवा लागतो. तेवढ्यात नव्या रिमोटचं बटण एक-दोनदा दाबायचं. दिवा लुकलुकला की ओळख झाली. शटरखाली कुणी नाही हे पाहूनच चाचणी घ्या. अमेरिकेत १९९३पासून बनलेल्या घरगुती मोटरींना अडथळा आला की दार उलटं फिरवणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडच्या साध्या शटर मोटरीत ही सोय बहुतेकदा नसते. लहान मुलांचं घर असेल तर सेन्सर वेगळा बसवून घ्या.

आणि हरवलेला रिमोट? तेच 'लर्न' बटण बराच वेळ दाबून धरलं की रिसीव्हरची पूर्ण मेमरी पुसली जाते. किती सेकंद, ते प्रत्येक कंपनीचं वेगळं, पुस्तिका बघा. मग घरातले सगळे रिमोट नव्याने जोडायचे. भाडेकरू गाळा सोडून गेला, कामगार नोकरी सोडून गेला, तरी हेच करायचं.

पण यालाही एक पळवाट आहे. स्वस्त रिमोट 'फिक्स कोड'चे असतात, म्हणजे दर वेळी तोच कोड पाठवतात. चावीवाल्याकडे पाच मिनिटांत त्याची कॉपी होते. समजा, कुणी तुमच्या रिमोटची कॉपी करून ठेवली. तुम्ही मेमरी पुसली आणि तोच जुना रिमोट पुन्हा जोडला. कॉपीचा कोडही तोच, त्यामुळे तीही पुन्हा चालू! अशा वेळी वेगळ्या कोडचा नवा रिमोटच घ्यावा लागतो. २०१५ साली सॅमी कामकर या अमेरिकन सुरक्षा संशोधकाने मुलांच्या एका खेळण्यात फेरफार करून जुन्या फिक्स कोडची गॅरेजची दारं काही सेकंदांत उघडून दाखवली होती.

'रोलिंग कोड'चा रिमोट दर वेळी नवा कोड पाठवतो, म्हणून साध्या कॉपी रिमोटला तो दाद देत नाही. थोडे जास्त पैसे जातात, पण दुकानात माल असेल तर तिथे कंजूषी करण्यात अर्थ नाही. त्याचा एक नखरा मात्र आहे. लेकराने घरापासून लांब असताना बटण दाबत बसून खेळ केला, तर रिमोट आणि रिसीव्हरचा ताळमेळ सुटतो. बऱ्याचदा शटरसमोर जाऊन लागोपाठ दोनदा दाबलं की तो पुन्हा जुळतो. नाहीच जुळला तर 'लर्न' आहेच.

राहिली वीज जाण्याची गोष्ट. साइड मोटरला हाताने ओढायची साखळी असते. ती ओढण्याआधी एमसीबी बंद करा, नाहीतर मध्येच वीज आली आणि कुणी बटण दाबलं तर हात अडकायचा. ही साखळी आतल्या बाजूला असते. गाळ्याला शटरशिवाय दुसरं दार नसेल तर वीज गेल्यावर बाहेरचा माणूस बाहेरच. बॅटरी बॅकअप किंवा बाहेरून उघडता येणारी कुलपाची सोय मोटर बसवतानाच मागून घ्या.