कोठारे पुन्हा भरावीत: कर्जत-खालापूरच्या जुन्या शेतवास्तूंचा विचार

उल्हास आणि पाताळगंगा यांच्या खोऱ्यांत वसलेल्या कर्जत व खालापूर या तालुक्यांत, जुन्या वाड्यांच्या पाठीमागे भाताची जी कोठारे, गोठे आणि खळ्यालगतच्या पडव्या आज मोडकळीस आलेल्या दिसतात, त्यांच्या ऱ्हासाची मीमांसा करू पाहणाऱ्याने प्रथम जमीन महसुलाचा इतिहास वाचावा. सावकार-जमीनदारांची कोठारे मुख्यत्वे कुळांकडून येणाऱ्या खंडाच्या भातावर भरत असत. १९४८ च्या कुळवहिवाट अधिनियमातील पुढील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून कसणारा कूळ जमिनीचा मालक झाला, हे सर्वथैव न्याय्यच झाले. परंतु खंड थांबताच कोठार रिते पडले, वारसांत वाटण्या झाल्या, आणि दरसाल शाकारणी कोणी करावयाची या प्रश्नावर कौले खचू लागली.

कोठाराचा लोकहितकारी उपयोगही याच मुलखाने पाहिलेला आहे. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हौतात्म्य पत्करणारे माथेरानचे भाई कोतवाल यांनी, गरीब शेतकरी सावकाराच्या दारी जाऊ नये म्हणून, धान्यकोठ्यांचा उपक्रम चालविला होता. जीर्णोद्धाराचा विचार करणाऱ्यास याहून श्रेयस्कर पूर्वाधार मिळणे कठीण.

वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या प्रदेशात जुन्या गवंडी-सुतारांनी ओलीशी केलेला सामना अभ्यसनीय आहे. दगडी जोते उंच, खांब तळखड्यावर उभा म्हणून मातीपासून अलग, कोठीची फळ्यांची जमीन खालून पोकळ ठेवलेली, आणि भिंतीस चुन्याचा गिलावा, जो ओल शोषतो व उघडीप मिळताच सोडून देतो. अशा भिंतीवर सिमेंट थापले की ओल आतच कोंडते. म्हणून दुरुस्ती चुन्यानेच करावी, खांबाचा बुडाशी कुजलेला भागच तेवढा कापून त्याच जातीच्या लाकडाचा सांधा द्यावा, आणि पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर काढावे.

अशा कोठीत ठेवावयाचे काय, याचे उत्तर कर्जतमध्येच आहे. १९१९ पासून भातसंशोधन करणाऱ्या येथील केंद्राने ‘कर्जत’ नावाने अनेक वाण दिले. त्यांचे बियाणे ओलावा १३ टक्क्यांच्या आत येईतो वाळवून गावातच राखता आले, तर पेरणीच्या तोंडावर होणारी धावपळ टळेल. पडवीत अवजारे व पेंढा राहील, गोठ्यात पुन्हा गुरे बांधता येतील.

जमिनी शेतघरांच्या व्यापाऱ्यांकडे झपाट्याने जात असताना हे काम लांबणीवर टाकता येणार नाही. ग्रामपंचायतींनी नमुना आठच्या नोंदींवरून अशा वास्तूंची यादी करावी, वारसांनी आपसातील वाद बाजूस सारून त्या दीर्घ मुदतीच्या करारावर गावच्या सेवा सोसायटीस द्याव्यात, आणि कुळांच्या घामाने एके काळी भरलेली ही कोठारे आता त्यांच्याच नातवंडांच्या भाताने भरावीत, अशी या दोन्ही तालुक्यांतील सुजाण नागरिकांना कळकळीची विनंती आहे.